दुसऱ्याच्या वाट्याचा सब्र



आपल्या नात्यातून, मोहल्ल्यातून दरवर्षी कोणी ना कोणी उमऱ्यासाठी जाते. परत आल्यावर खजूर आणि जमजमचे पाणी वाटताना ते काबागृहाचे प्रथम दर्शन कसे झाले, डोळे कसे भरून आले, हे सांगतात. परंतु त्यांच्यापाशी थोडा अधिक वेळ बसा. चहाचा दुसरा पेला संपेपर्यंत पहिल्या दिवसाची हकिगत हळूच बाहेर पडते. विमान पाच तास उशिरा सुटले. एहरामची वस्त्रे मोठ्या बॅगेत गेली आणि ती बॅग विमानाच्या पोटात. जेद्द्याला उतरल्यावर बस आलीच नाही. हॉटेल हरमच्या जवळ म्हणून सांगितले होते, ते निघाले भलत्याच गल्लीत. समूहाने परदेशी जाणाऱ्यांचा पहिला दिवस बहुधा असाच जातो. शरीर थकलेले, भाषा अनोळखी, खिशात तिथले चलन नाही, आणि ज्याच्या भरवशावर आलो तो माणूस फोन उचलत नाही.

अशा वेळी काफिल्यातील कोणी वडीलधारा माणूस हमखास म्हणतो, "सब्र करा. अल्लाहच्या घरी आलो आहोत." हे शब्द ऐकून सगळे गप्प होतात. या शब्दांना विरोध कोण करणार? आपल्या वाट्याला आलेल्या त्रासावर सब्र करणे हा ईमानचा भाग आहे, याविषयी कोणाही मुस्लिमाच्या मनात शंका नाही. प्रश्न निराळाच आहे. दुसऱ्याच्या वाट्याला आलेल्या त्रासावर आपण सब्र करू शकतो काय? आणि सब्रचा उपदेश करताना आपण नेमके काय मागत असतो, कोणाकडून मागत असतो?

हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात भेटला नाही. तो जेद्दा विमानतळाबाहेरच्या फरशीवर, बॅगांच्या ढिगाऱ्याशेजारी भेटला, आणि त्याचे उत्तर देताना मी चुकलो. ती चूक आपल्यापुढे मांडावी, म्हणजे आपल्यापैकी कोणी त्या जागी उभे राहिले तर त्यास उपयोग होईल, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहे.

प्रवास आणि शरीअतची दया

प्रथम एक गोष्ट ध्यानात घेऊ. प्रवासातील त्रास हा श्रद्धेच्या दुबळेपणाचे लक्षण आहे, असे इस्लामने कधीही म्हटलेले नाही. ह. अबू हुरैरा (र.) यांनी कथन केलेल्या हदीसनुसार प्रेषित मुहम्मद (स.) यांनी प्रवासाला यातनेचाच एक तुकडा म्हटले आहे, तो माणसाचे अन्न, पाणी आणि झोप हिरावतो, म्हणून काम होताच घरी परतण्याची घाई करावी, अशी शिकवण दिली आहे. किती वास्तव दृष्टी आहे ही! प्रवासाचे गोडवे नाहीत की कष्टांकडे डोळेझाक नाही.

आणि हे केवळ सांगून शरीअत थांबलेली नाही. मुसाफिराला चार रकअतींच्या जागी दोन रकअती आहेत. रमजानचा उपवास पुढे ढकलण्याची मुभा आहे. वजूच्या वेळी मोज्यांवर ओला हात फिरवण्याची सवलत घरी असणाऱ्याला एक दिवस-रात्र, तर प्रवाशाला तीन दिवस-रात्री आहे. जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये वाटेत अडकलेला प्रवासी आहे, मग तो आपल्या गावी धनवान का असेना. ज्या अल्लाहने आपल्या इबादतीतही मुसाफिराचा थकवा हिशेबात धरला, त्याच्या नावाने आपण मुसाफिराला "तुला थकण्याचा, भुकेलेला असण्याचा अधिकार नाही" असे सांगू शकतो काय? मी नेमके तेच सांगितले होते.

त्या रात्री काय घडले

आमचा बेचाळीस जणांचा काफिला होता. सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरीकडची कुटुंबे. मी निवृत्त शिक्षक, दाढी पांढरी, त्यामुळे न विचारताच लोकांनी मला पुढारीपण दिले आणि मीही ते न विचारताच घेतले. सकाळी नऊचे विमान दुपारी दोन वाजता सुटले. जेद्द्याला उतरलो तेव्हा तिथल्या घड्याळात संध्याकाळचे पाच वाजले होते, आपल्याकडे साडेसात. पासपोर्टच्या रांगा आणि सामान यांत आणखी दोन तास गेले. चार बॅगा आल्याच नाहीत. त्यांतील एक होती आमच्यातील एका वृद्ध भगिनीची. सगळे त्यांना खाला म्हणत. सोबत कॉलेजात जाणारा नातू होता.

बाहेर आलो तेव्हा बस नव्हती. सहल आयोजकांचा प्रतिनिधी म्हणून आलेला तरुण दर वेळी "अर्ध्या तासात येईल" असे म्हणे. मक्का तिथून सुमारे ऐंशी किलोमीटर. रात्रीचे जेवण मक्केच्या हॉटेलात तयार असल्याचे त्याने सांगितले होते. खालांना मधुमेह होता. गोळ्या त्यांच्या हातातील पर्समध्ये होत्या. लाडू आणि चिवडा मात्र न आलेल्या बॅगेत. अर्ध्या तासात बस आणि तासाभरात जेवण, या हिशेबाने त्यांनी आठ वाजता रात्रीची गोळी घेतली. बस आली साडेदहा वाजता.

या अडीच तासांत काफिल्यातील एक तरुण, मालेगावचा रिक्षाचालक, जो आपल्या सासुरवाडीच्या मंडळींबरोबर आला होता, दोन-तीनदा त्या प्रतिनिधीकडे गेला. त्याचा आवाज चढलेला होता, हे खरे. तो म्हणत होता, "रात्रीचं जेवण पैशात धरलेलं आहे. बस उशिरा येणार असेल तर इथंच काहीतरी आणून द्या. म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत." तेव्हा मी उठलो. एहराममध्ये असताना वाद-भांडण वर्ज्य आहे, दिव्य कुरआनच्या दुसऱ्या सूरहतील १९७ वी आयत आठवावी, असे मी त्याला चारचौघांत सुनावले. "बेटा, लब्बैक म्हणत आलास आणि जेवणावरून भांडतोस?" तो माझ्याकडे क्षणभर पाहत राहिला. मग म्हणाला, "बरं सर," आणि जाऊन खाली बसला. प्रतिनिधीने माझे आभार मानले. मला, खरे सांगायचे तर, बरे वाटले.

माझ्या खांद्यावरच्या पिशवीत त्या वेळी पाव किलो फुटाणे आणि खजुरांचा एक डबा होता.

बस निघाली. शहराबाहेर पडल्यावर थोड्याच वेळात खालांचा नातू ओरडला. खालांना दरदरून घाम फुटला होता, हात थरथरत होते, आणि त्या नातवाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारत होत्या. आम्ही सगळे गोंधळलो. मी दुआ पढू लागलो. तो मालेगावचा तरुण मात्र पुढच्या आसनावरून उठून आला, त्याने खिशातून फळांच्या रसाचा छोटा डबा काढला आणि खालांच्या ओठांशी धरून घोट घोट पाजला. बसमध्ये चढण्याआधी एका ओळखीच्या माणसाने दिलेल्या चार रियालांतून त्याने ते दोन डबे घेतले होते. त्याच्या आईला हाच आजार होता, म्हणून त्याने हे ओळखले. पंधरा-वीस मिनिटांत खाला भानावर आल्या. मी माझा खजुरांचा डबा तेव्हा उघडला.

नातवाने त्यांना विचारले, "दादी, भूक लागली होती तर सांगितलं का नाही?" त्या म्हणाल्या, "सरांनी सब्र करायला सांगितलं होतं ना."

बंधू-भगिनींनो, आयुष्यभर वर्गात मुलांची उत्तरे तपासली. माझे उत्तर इतक्या थोडक्या शब्दांत कोणी तपासले नव्हते.

सब्र म्हणजे काय

सब्र या अरबी शब्दाच्या मुळाशी रोखून धरणे, बांधून ठेवणे हा अर्थ आहे. विद्वानांनी त्याचे तीन प्रकार सांगितले आहेत : अल्लाहच्या आज्ञापालनावर टिकून राहणे, पापापासून स्वतःला रोखणे, आणि संकटात मन ढळू न देणे. या तिन्हींत रोखायचे आहे ते स्वतःला. जिभेला अपशब्दापासून, हाताला अन्यायापासून, मनाला निराशेपासून. कर्तव्यापासून हात रोखणे याला कोणीही सब्र म्हटलेले नाही.

आपल्याला ती प्रसिद्ध हदीस ठाऊक असेल. एक स्त्री कबरीपाशी रडत बसली होती. प्रेषित (स.) तिथून जात होते. त्यांनी तिला अल्लाहचे भय बाळगण्यास आणि सब्र करण्यास सांगितले. तिने त्यांना ओळखले नाही. माझ्यावर आलेले संकट तुमच्यावर आलेले नाही, मला माझ्या जागी सोडा, अशा अर्थाचे ती बोलली. ते कोण होते हे नंतर तिला कळले, तेव्हा ती त्यांच्या दाराशी आली. दारावर एकही पहारेकरी नव्हता. तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला सांगितले की, खरा सब्र पहिल्या आघाताच्या वेळचा.

या हदीसचा शेवट आपण नेहमी सांगतो. मधला भाग मात्र निसटतो. त्या स्त्रीने उलट उत्तर दिले तेव्हा प्रेषितांनी (स.) तिला रागावले नाही, आपली ओळख सांगितली नाही, चारचौघांत लाजवले नाही. ते तिथून निघून गेले. सब्रचा उपदेश करण्याचा ज्यांना सर्वांत मोठा अधिकार होता, त्यांनी दुःखिताच्या तोंडावर तो लादला नाही. आणि जिने तो उपदेश नाकारला, तिच्यासाठी त्यांचे दार उघडेच राहिले.

पहिल्या आघाताची ही कसोटी परदेशातील पहिल्या दिवसाला किती तंतोतंत लागू पडते, पाहा. चौथ्या दिवशी सगळेच शांत असतात. रस्ते कळलेले असतात, जेवणाच्या वेळा ठरलेल्या असतात. कस लागतो तो पहिल्या दिवशी. पण कस लागतो तो प्रत्येकाचा स्वतःचा. दुसऱ्याच्या परीक्षेचा कागद भरण्याची मुभा कोणत्याही परीक्षेत नसते.

थकवा सांगणे म्हणजे तक्रार नव्हे

सूरह कह्फमध्ये ह. मूसा (अ.) यांच्या एका प्रवासाची कथा आहे. सोबत त्यांचा तरुण सेवक होता. एक मासा हरवेल तिथे त्यांना एका ज्ञानी पुरुषाची भेट व्हायची होती. खडकापाशी मासा पाण्यात निघून गेला, सेवक ते सांगायला विसरला, आणि दोघे पुढे चालत राहिले. मग ह. मूसा (अ.) यांनी सेवकाकडे जेवण मागितले आणि या प्रवासात आपण फार थकलो असल्याचे स्पष्ट सांगितले. अल्लाहच्या एका महान प्रेषिताचे हे उद्गार दिव्य कुरआनने जतन केले आहेत. भूक लागली, थकलो, हे म्हणण्याने त्यांच्या प्रेषितत्वाला उणेपणा आला नाही. उलट जेवण मागितले म्हणूनच माशाची आठवण निघाली आणि चुकलेली वाट सापडली!

इथे दुसरीही एक शिकवण आहे. सेवकाने आपली चूक कबूल केली तेव्हा ह. मूसा (अ.) यांनी त्याला दोष दिला नाही. तीच तर आपल्याला हवी असलेली जागा, असे म्हणून ते आल्या पावली मागे वळले. मोठा माणूस थकलेला आणि भुकेलेला असूनही छोट्याच्या विसराळूपणावर तुटून पडला नाही, आणि छोट्यानेही चूक लपवली नाही.

तीन प्रकारचे त्रास, तीन प्रकारची उत्तरे

आता आपण मूळ प्रश्नाकडे येऊ. प्रवासात येणारा प्रत्येक त्रास एकाच जातीचा नसतो, आणि आपली बहुतेक चूक इथेच होते की, सर्वांना आपण एकच औषध देतो.

पहिला प्रकार, ज्यात कोणाचाही दोष नाही. धुक्यामुळे विमान थांबले, वाटेत कोणी आजारी पडले. हा अल्लाहचा निर्णय. इथे सब्र आणि अल्लाहवरील भरवसा हेच उत्तर.

दुसरा प्रकार, ज्यात चूक आहे पण वाईट हेतू नाही. कोणाचा पासपोर्ट खिशात राहिला, कोणी रांग चुकली, आणि एकामुळे चाळीस जण खोळंबले. अशा वेळी ह. आयेशा (र.) यांच्या हाराची घटना आठवावी. प्रेषितांसोबतच्या (स.) एका प्रवासात त्यांचा हार हरवला. तो शोधण्यासाठी सगळा काफिला थांबला. त्या जागी पाणी नव्हते, लोकांजवळही पाणी नव्हते. लोक ह. अबू बक्र (र.) यांच्याकडे कुरकुर करू लागले. त्यांनी येऊन आपल्या मुलीला कडक शब्दांत सुनावले. प्रेषित (स.) मात्र त्यांच्या मांडीवर डोके ठेवून झोपले होते. सकाळ झाली, वजूला पाणी नव्हते, आणि त्याच वेळी तयम्मुमची आज्ञा अवतरली. नंतर उंट उठवला तेव्हा हार त्याच्याखालीच सापडला. एका हरवलेल्या हारापायी झालेला खोळंबा सर्व काळच्या मुस्लिमांसाठी सवलत घेऊन आला. ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्याकडे रागाने पाहण्यापूर्वी ही घटना मनात यावी. दुसऱ्या प्रकारच्या त्रासाचे उत्तर क्षमा हे आहे.

तिसरा प्रकार मात्र वेगळा. ज्यात शब्द दिला गेला, पैसे घेतले गेले, आणि शब्द पाळला गेला नाही. इथे कोणाचा तरी हक्क बुडाला आहे. अशा ठिकाणी हक्क मागणे पाप आहे काय? प्रेषितांकडे (स.) एक मनुष्य आपला उंट परत मागण्यासाठी आला आणि कठोर बोलला. सोबती त्याच्यावर धावून जाणार होते. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबवले आणि ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे सांगितले. मग त्याच्या उंटाच्याच वयाचा उंट देण्यास फर्मावले. तसा मिळेना, अधिक चांगला होता, तर तोच देण्यास सांगितले. विचार करा, बोलणारा कठोर होता आणि समोर प्रेषित (स.) होते. तरीही त्याच्या स्वरावरून त्याचा हक्क नाकारला गेला नाही.

मी त्या तरुणाचा स्वर पाहिला आणि त्याचा मुद्दा बुडवला. दिव्य कुरआनने चौथ्या सूरहच्या १४८ व्या आयतीत वाईट बोल उघडपणे उच्चारणे अल्लाहला अप्रिय असल्याचे सांगताना ज्याच्यावर अन्याय झाला आहे त्याचा अपवाद केला आहे. माझ्याजवळ एक आयत होती, ती मी वापरली. दुसरी होती, ती मला आठवली नाही. अल्लाहच्या वचनाने माणसाला जागे करायचे असते. मी त्याने एकाचे तोंड बंद केले. शिवाय ज्या आयतीचा मी आधार घेतला तिच्याच पुढच्या भागात प्रवासासाठी शिदोरी सोबत घेण्याची आज्ञा आहे आणि ईशभय ही सर्वोत्तम शिदोरी असल्याचे सांगितले आहे. शिदोरी माझ्या पिशवीत होती. ईशभय असते, तर पिशवी उघडली असती.

सोडून देण्याचा अधिकार कोणाला

आपण म्हणाल, क्षमा करणे श्रेष्ठ नाही काय? निश्चितच आहे. सूरह शूरामध्ये अन्यायाचा प्रतिकार करणाऱ्यांचा उल्लेख आहे, आणि लगेच क्षमा करून समेट करणाऱ्याचा मोबदला अल्लाहच्या जिम्मे असल्याचेही सांगितले आहे. पण क्षमा कोणी करायची? ज्याचा हक्क आहे त्याने. माझे जेवण मी सोडून दिले, तर तो त्याग. खालांचे जेवण मी सोडून दिले, तर तो त्याग नव्हे. तो दुसऱ्याच्या खिशातून केलेला दानधर्म आहे, आणि त्याचे पुण्य मात्र मी माझ्या नावावर मांडत होतो.

घराघरांतून हेच घडत नाही काय? पाहुणे अचानक येतात, आपण "काही हरकत नाही" म्हणतो आणि हरकत सोसते ती स्वयंपाकघरातील स्त्री. कामगाराची मजुरी थकते, आणि पोट भरलेला माणूस त्याला सब्रच्या गोष्टी सांगतो. ज्याला त्रास नाही त्याचा उपदेश स्वस्त असतो. ह. अबू सईद खुदरी (र.) यांनी कथन केलेली हदीस आहे की, एका प्रवासात प्रेषितांनी (स.) सांगितले, ज्याच्याजवळ जादा वाहन असेल त्याने ते वाहन नसलेल्याला द्यावे, ज्याच्याजवळ जादा शिदोरी असेल त्याने ती शिदोरी नसलेल्याला द्यावी. सब्रचा उपदेश करण्यापूर्वी आपली पिशवी उघडावी, हा या हदीसवरून मी शिकलेला धडा.

काफिल्याच्या मागे चालणारा नेता

तीन माणसे प्रवासाला निघाली तर त्यांनी आपल्यातील एकाला अमीर नेमावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. अमीर म्हणजे केवळ पुढे उभा राहून बोलणारा नव्हे. प्रवासात प्रेषित (स.) स्वतः काफिल्याच्या मागच्या बाजूस राहत, अशक्तांना सोबत घेऊन चालत, एखाद्याला आपल्या मागे वाहनावर बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करत, असे ह. जाबिर (र.) सांगतात. मी पुढे उभा होतो. मागे कोण कोमेजत आहे, हे पाहिलेच नाही.

हाजींच्या प्रवासाच्या इतिहासात याचे एक भयंकर उदाहरण आहे. ऑगस्ट १८८० मध्ये 'जेद्दा' नावाचे जहाज सिंगापूर व पेनांगहून हजसाठी निघालेल्या सुमारे हजार स्त्री-पुरुष व मुलांना घेऊन येत असता वादळात सापडले आणि त्यात पाणी शिरू लागले. कप्तान व अधिकारी रात्री एका होडीतून जहाज सोडून निघून गेले आणि एडनला पोहोचून जहाज प्रवाशांसह बुडाल्याची खबर दिली. पाठोपाठ तेच जहाज 'अँटेनॉर' या दुसऱ्या जहाजाने ओढत एडन बंदरात आणले, प्रवाशांसह. त्या प्रवाशांनी पाणी उपसण्यास हात लावले होते. पुढे चौकशी झाली आणि कप्तानाचा परवाना तीन वर्षांसाठी निलंबित झाला. सोपवलेल्या माणसांना सोडून जाणे याला अमानतीत खियानत म्हणतात. आणि त्या प्रवाशांचा सब्र कोणता? पाणी उपसत राहणे, हाच. हात जोडून बसणे नव्हे.

परंतु दुसऱ्या बाजूनेही अन्याय होऊ नये. आमच्या बसचा चालक साडेदहाला आला तेव्हा काही जण त्याच्यावर तुटून पडले. तो परदेशातून पोटासाठी आलेला गरीब माणूस. त्याला नऊ वाजेपर्यंत कोणी सांगितलेच नव्हते की, आम्ही उभे आहोत. राग नेहमी उताराकडे वाहतो. वचन देणारा दूर कार्यालयात असतो आणि शिव्या खातो तो समोरचा मजूर. हक्क मागावा, पण ज्याच्याकडे तो आहे त्याच्याकडे मागावा. तो तरुण चालकाला एक शब्दही बोलला नव्हता, हे मला नंतर आठवले. परतल्यावर त्याने काय ठरले होते आणि काय मिळाले याची यादी कागदावर लिहिली, सर्वांच्या सह्या घेतल्या. तिसऱ्या महिन्यात काही रक्कम परत मिळाली, काही मिळाली नाही. जी मिळाली नाही ती त्याने स्वतःपुरती सोडून दिली. इतरांना सोडून द्या असे म्हटले नाही.

निघण्यापूर्वी

उंट बांधावा आणि मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण सर्व जाणतो. आजच्या प्रवाशाचा उंट बांधणे म्हणजे काय? औषधे, एका वेळचे खाणे आणि एहरामची वस्त्रे हातातील पिशवीत असावीत. थोडे रियाल निघण्यापूर्वीच घ्यावेत. हॉटेल कोणते, हरमपासून किती अंतरावर, जेवण कोणत्या दिवसापासून, हे लेखी घ्यावे. काफिल्यातील आजारी व वृद्ध कोण, हे पहिल्याच तासात विचारून घ्यावे आणि अमीर निवडावा, आपोआप होऊ देऊ नये. आणि कोणालाही सब्र करा म्हणण्यापूर्वी त्याला एवढे अवश्य विचारावे, "तुम्ही काही खाल्लं का?"

दुसऱ्या दिवशी उमरा पूर्ण झाल्यावर मी खालांपाशी गेलो आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "माझं मी कधीच माफ केलं, सर. पण त्या पोराला तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, तेही सगळ्यांसमोरच परत घ्या." रात्रीच्या जेवणाच्या वेळी मी उभा राहिलो आणि तसे केले. त्या तरुणाने मान खाली घातली आणि पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. आपला हक्क सोडणे आणि दुसऱ्याचा हक्क मिळवून देणे, या दोन्ही गोष्टी त्या अशिक्षित भगिनीने एका वाक्यात केल्या होत्या.

अल्लाह आपणा सर्वांना स्वतःच्या त्रासावर सब्र करण्याचे बळ आणि दुसऱ्याच्या त्रासावर बेचैन होणारे अंतःकरण देवो. आपल्या मुखातून निघणारे त्याचे वचन कोणा दुर्बळावर ओझे न होवो. आमीन.